जाहिरातीची कपात कुणाच्या खात्यात?



उसाचे बिल हातात पडले की आपण आधी काय बघतो? टनाला दर किती मिळाला ते, आणि त्याच्या खालोखाल कपात किती झाली ते. भागाची कपात, ठेवीची कपात, सोसायटीचा हप्ता, शिवाय कुठल्यातरी निधीची कपात. टनामागे पाच रुपये जरी न विचारता कापले तरी वार्षिक सभेत माइकची ओढाओढ होते, आणि ती व्हायलाच पाहिजे. बाजार समितीत कांदा विकून आलो की हिशेबपट्टीवरची हमाली, तोलाई, वाराई आपण बोट ठेवून वाचतो. पिढ्यान्‌पिढ्या कपातीत पोळलेला आपला समाज आहे. कपातीचा वास आपल्याला लांबून येतो.

पण हाच आपला माणूस पोरासाठी तालुक्याच्या गावी एखाद्या मोठ्या नावाची फ्रँचायझी घ्यायला जातो, तेव्हा तीस-चाळीस पानांच्या इंग्रजी करारनाम्यावर तासाभरात सह्या करून मोकळा होतो. त्या करारनाम्यातही एक कपात लिहिलेली असते. कुठे तिला जाहिरात निधी म्हणतात, कुठे मार्केटिंग फी, कुठे ब्रँड फंड. दर महिन्याला, दुकान चालो न चालो, ती द्यावी लागते. तिचा हिशेब मात्र कुणी मागत नाही, आणि मागितला तरी मिळेलच असे नाही. आज लिहायचे आहे ते या कपातीबद्दल.

मी शेतीचा पदविकाधारक, विस्तार अधिकारी. खत, बियाणे, कीड-रोग यावर बोलणारा माणूस फ्रँचायझीवर कशाला बोलतो, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण साधे आहे. हल्ली गावात गेलो की द्राक्षावरच्या भुरीची चौकशी संपते न संपते तोच कुणीतरी करारनाम्याची झेरॉक्स पुढे करतो. "साहेब, जरा वाचून बघा, पोरगं म्हणतंय घ्यायचंय." सरकारी माणूस आहे, कागद वाचतो, एवढाच माझा अधिकार. आणि या धंद्यात जाणारा पैसा शेतीतलाच आहे. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, घरच्या बाईचे सोने ठेवून काढलेले सोनेतारण, बापाची निवृत्तीची रक्कम, वर मुद्राचे कर्ज. शेतीतून निघालेला पैसा शेताबाहेर कसा टिकेल, हाही माझ्या मते विस्तार कार्याचाच भाग आहे.

फ्रँचायझी म्हणजे काय आणि त्यातली जाहिरात म्हणजे काय

नाव कंपनीचे, पाटी कंपनीची, मालाची पद्धत कंपनीची. गाळा, भांडवल आणि मेहनत तुमची. याला फ्रँचायझी म्हणतात. चहा, वडापाव, पिझ्झा, आइस्क्रीम, औषधांचे दुकान, इंग्रजी बोलण्याचे क्लास, आणि आता शेतीच्या निविष्ठांची दुकानेसुद्धा याच पद्धतीने निघू लागली आहेत. सुरुवातीला एकरकमी फी, पुढे दर महिन्याला रॉयल्टी. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. जाहिरातीचे बंधन मात्र निरनिराळ्या दारांनी आत येते.

पहिले दार केंद्रीय निधीचे. विक्रीच्या अमुक टक्के रक्कम कंपनीकडे भरायची. कंपनी ती सगळ्या दुकानांकडून गोळा करून टी.व्ही., मोबाइल, वर्तमानपत्र, क्रिकेटचे सामने अशा ठिकाणी जाहिरात करणार.

दुसरे दार स्थानिक जाहिरातीचे. तुमच्या गावात तुम्ही स्वतः अमुक टक्के खर्च केलाच पाहिजे, आणि तो कंपनीने मंजूर केलेल्या नमुन्यातच. बऱ्याच वेळा छापणाराही कंपनीनेच ठरवून दिलेला असतो.

तिसरे दार उद्घाटनाचे. दुकान उघडताना ठरावीक रक्कम जाहिरातीवर घालायची.

चौथे दार उघड दिसत नाही. ते म्हणजे सवलतीच्या योजना. एकावर एक फुकट, सणाची निम्मी किंमत. जाहिरात कंपनीची होते, तोटा दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो. करारनाम्यात याला जाहिरात म्हटलेले नसते, पण खर्च जाहिरातीचाच.

पाच टक्के म्हणजे किती?

"पाच टक्के काय, एवढं तर द्यावंच लागणार," असे पोरे म्हणतात. चला, हिशेब मांडून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुम्ही आपापले घाला.

समजा, एस.टी. स्टँडजवळ चहा-नाश्त्याचे दुकान आहे. महिन्याची विक्री अडीच लाख. निम्मे, म्हणजे १,२५,००० कच्च्या मालात गेले. भाडे, पगार, वीज, गॅस यात ८७,५०० गेले. उरले ३७,५००. आता कंपनीचे देणे. रॉयल्टी ५ टक्के, म्हणजे १२,५००. केंद्रीय जाहिरात निधी ३ टक्के, म्हणजे ७,५००. या दोन्हींवर १८ टक्क्यांनी जी.एस.टी. ३,६००. स्थानिक जाहिरात २ टक्के, म्हणजे ५,०००. एकूण झाले २८,६००. मालकाच्या हातात राहिले ८,९००. यातूनच बँकेचा हप्ता आणि यातूनच घर.

नुसत्या जाहिरातीचे बघा. ७,५०० अधिक त्यावरचा कर १,३५० अधिक स्थानिक ५,०००, बेरीज १३,८५०. कागदावर ते पाच टक्के दिसते. पण खर्च जाऊन उरलेल्या ३७,५०० मधून ते द्यायचे आहे. म्हणजे उरलेल्या रुपयातले जवळजवळ ३७ पैसे जाहिरातीला गेले.

कराचेही एक बारीक कलम इथे आहे. एरवी व्यापारी खरेदीवर भरलेला जी.एस.टी. पुढच्या करातून वजा करून घेतो. पण हॉटेल, चहा-नाश्त्याच्या धंद्याला ५ टक्के दर आहे तो ही वजावट न घेण्याच्या अटीवर. त्यामुळे निधीवरचा १८ टक्के कर तुमच्या अंगावरच राहतो. कंपनीचा माणूस तक्ता दाखवतो तेव्हा "अधिक कर" हे दोन शब्द तळाला बारीक अक्षरात असतात.

आता पावसाळा लागला, किंवा शेजारी दुसरे दुकान उघडले, आणि विक्री पावणेदोन लाखावर आली असे धरा. कच्चा माल ८७,५००. भाडे-पगार तेवढेच, ८७,५००. उरले शून्य. तरीही जाहिरातीचे ९,६९५ रुपये द्यायचेच, आणि रॉयल्टी वेगळी. कारण ही कपात विक्रीवर आहे, नफ्यावर नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? टोमॅटोची पाटी वाहतुकीच्या खर्चालाही पुरली नाही तरी हमाली-तोलाई चुकत नाही, हे आपण सोसलेले आहे. बाजारात जे दुखते तेच पोराच्या दुकानात दुखणार आहे. फरक एवढाच की बाजारातली पट्टी मराठीत असते.

जाहिरात नकोच का?

असे माझे म्हणणे नाही. नाव ओळखीचे असते म्हणून तर गिऱ्हाईक आत येते, आणि ते नाव ओळखीचे राहायला पैसा लागतो. एकट्या दुकानदाराला टी.व्ही.वरची जाहिरात जन्मात परवडणार नाही. शंभर जणांनी वर्गणी काढली तर परवडते. ही तर सहकाराचीच रीत झाली.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने पुण्यात राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तोपर्यंत अंड्याचा भाव व्यापारी ठरवायचे आणि कोंबडीवाला हात जोडून उभा असायचा. समितीच्या झेंड्याखाली उत्पादक एकत्र आले, भाव स्वतः जाहीर करू लागले, आणि रोज अंडी खा असे सांगणारी जाहिरात घराघरांत गेली. आज चाळिशीत असलेल्या कुणालाही ती जाहिरात पाठ असेल. अमूलची ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी १९६६ पासून लोणी विकते आहे. ते नाव ज्या महासंघाचे आहे त्याचे मालक जिल्ह्याजिल्ह्याचे दूध संघ, आणि संघाचे मालक गावोगावचे दूध उत्पादक. जाहिरातीवर पैसा तिथेही जातोच. पण ज्याचा पैसा, त्याचा माणूस संचालक मंडळात बसलेला असतो.

फ्रँचायझीत नेमके हेच नसते. पैसा तुमचा, निर्णय दुसऱ्याचा. देणाऱ्याला मत नाही, सभा नाही, अहवाल नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी अवस्था होऊ द्यायची नसेल तर दळणाऱ्याने डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

परदेशात काय झाले

ही पद्धत ज्या देशात सर्वात जास्त वाढली त्या अमेरिकेत जाहिरातीची टक्केवारी चांगलीच जड आहे. मॅकडोनाल्ड्सच्या दुकानदाराला तिथे एकूण विक्रीच्या किमान ४ टक्के जाहिरातीवर घालावे लागतात. सबवेच्या पद्धतीत रॉयल्टी ८ टक्के आणि जाहिरात साडेचार टक्के. तिथे यावरून कोर्टकचेऱ्याही भरपूर झाल्या. त्यातल्या तीन सांगण्यासारख्या आहेत.

पहिली, गाड्यांचे सायलेन्सर बदलणाऱ्या मायनेकी या कंपनीची. तिचे दुकानदार दर आठवड्याच्या उत्पन्नातले १० टक्क्यांपर्यंत जाहिरात खात्यात भरत. कंपनीने स्वतःचीच एक जाहिरात संस्था काढली होती, आणि त्या खात्यातून ती संस्था दलाली घेत होती. दुकानदार कोर्टात गेले. खालच्या कोर्टात त्यांना कोट्यवधी डॉलरची भरपाई मंजूर झाली. पण १९९८ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. सगळ्यांचे करार सारखे नाहीत, त्यामुळे सगळ्यांचा एकच दावा चालणार नाही, आणि कंपनी ही दुकानदारांच्या पैशाची विश्वस्त ठरत नाही. जे भांडण आहे ते कराराच्या शब्दांचे आहे, असा त्याचा आशय. बंधूंनो, हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला वाटते, माझे पैसे ज्याच्याकडे आहेत तो ते जपून वापरायला बांधलेला आहे. कोर्ट विचारते, असे लिहिलेय कुठे?

दुसरी, के.एफ.सी.ची. तिथे दुकानदारांची आणि कंपनीची मिळून एक जाहिरात सहकारी संस्था होती आणि तिच्या समितीत दुकानदारांचे बहुमत होते. कंपनीला भाजलेल्या कोंबडीची जाहिरात पुढे आणायची होती, दुकानदारांना वाटत होते की आपले गिऱ्हाईक तळलेल्या कोंबडीसाठी येते. वाद डेलावेअर राज्याच्या कोर्टात गेला, आणि २०११ मध्ये निकाल दुकानदारांच्या बाजूने लागला. इथे दुकानदार जिंकले ते मायनेकीच्या दुकानदारांपेक्षा हुशार होते म्हणून नव्हे. संस्थेच्या कागदपत्रांत त्यांचा अधिकार आधीपासून लिहिलेला होता म्हणून.

तिसरी, बर्गर किंगची. २००९ मध्ये कंपनीने चीजबर्गरची एक जात १ डॉलरला विकायला सांगितली. हा भाव आम्हाला खर्चालाही पुरत नाही, असे म्हणत दुकानदारांची संघटना कोर्टात गेली. कमाल भाव ठरवायचा अधिकार करारानेच कंपनीला दिला आहे, असे म्हणत कोर्टाने कंपनीची बाजू उचलून धरली. मघाशी सांगितलेले चौथे दार ते हेच.

अशा भांडणांतून तिकडे नियम घट्ट होत गेले. अमेरिकेत सही घेण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ बाबींचे माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात जाहिरात निधीचे वेगळे कलम आहे. निधी कोण सांभाळतो, त्याचे ऑडिट होते का, गेल्या वर्षी किती टक्के जाहिरात तयार करण्यावर, किती प्रसिद्धीवर आणि किती कार्यालयीन खर्चावर गेले, कंपनीची स्वतःची दुकाने त्यात भर घालतात का, हे सांगावे लागते. नवी फ्रँचायझी विकण्याच्या जाहिरातीवर या निधीतले किती गेले, हेही सांगावे लागते. आपल्याकडे "अमुक लाखात स्वतःचे दुकान" अशा जाहिराती दिसतात ना? त्यांचा खर्च आधीच्या दुकानदाराच्या निधीतून तर झाला नाही ना, हा प्रश्न तिथला कायदा दुकानदाराच्या वतीने विचारतो.

ऑस्ट्रेलियात २०१५ पासून लागू झालेल्या संहितेने याच्याही पुढे पाऊल टाकले. जाहिरातीचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवायचा. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांच्या आत हिशेब आणि ऑडिट करायचे. ऑडिट नको असेल तर पैसे भरणाऱ्या दुकानदारांपैकी ७५ टक्क्यांनी तसे मत दिले पाहिजे. आणि कंपनीची स्वतःची दुकाने असतील तर त्यांनीही त्याच दराने वर्गणी भरायची. साधी, सरळ, कुठल्याही दूध संस्थेच्या सचिवाला कळेल अशी कलमे आहेत ही.

आणि आपल्याकडे?

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा, २००२ चा स्पर्धा कायदा अशा तुकड्यातुकड्यांवर काम चालते. सही करण्याआधी अमुक माहिती दिलीच पाहिजे असे कंपनीवर बंधन नाही. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक आयोगाचे दारही सहजी उघडत नाही. पोटासाठी स्वयंरोजगार केला हे आधी पटवून द्यावे लागते. वाद झाला तर लवाद, आणि लवादाचे ठिकाण बहुधा कंपनीच्या शहरात. बार्शीचा किंवा फलटणचा दुकानदार सात-आठ हजाराच्या हिशेबासाठी दिल्लीला किती खेपा घालणार? हे कंपनीलाही ठाऊक असते.

म्हणून माझे सरळ म्हणणे असे आहे की, इथेही कायद्याने सहीपूर्व माहितीपत्रक सक्तीचे व्हावे, आणि जाहिरात निधीला वेगळे खाते आणि वार्षिक ऑडिट लागू व्हावे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर निदान बँकांनी एक करावे. फ्रँचायझीसाठी कर्ज मागणाऱ्याकडून गाळ्याचा करार, कोटेशन, प्रकल्प अहवाल सगळे मागतात. त्यातच कंपनीचा गेल्या वर्षीचा जाहिरात निधीचा हिशेबही मागावा. बँकेने मागितला की कंपनी देईल. आपला पैसा बुडू नये ही बँकेचीही गरज आहेच की.

तालुक्याच्या गावात जाहिरात म्हणजे काय

आता माझ्या खात्यातले दोन शब्द. विस्तार कार्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. शेतकऱ्याला भित्तिपत्रक पटत नाही, शेजाऱ्याचा प्लॉट पटतो. म्हणून प्रात्यक्षिक घेतात, शिवारफेरी काढतात. बियाण्याच्या कंपन्यांनाही हे चांगले कळलेले आहे. मोठ्या फलकापेक्षा रस्त्याकडेचा एक डोलदार प्लॉट जास्त पाकिटे विकतो.

दुकानाचेही तसेच आहे. तालुक्याच्या गावात गिऱ्हाईक येते ते गावच्या यात्रेतल्या स्टॉलमुळे, शाळेच्या स्नेहसंमेलनात दिलेल्या बक्षिसामुळे, रिक्षाच्या भोंग्यामुळे, गणेश मंडळाच्या कमानीमुळे, गावच्या व्हॉट्सअॅप गटातल्या एका चांगल्या शब्दामुळे. पण करारनाम्यातल्या "स्थानिक जाहिरात" या कलमात यातले काय मोजतात? माझ्या पाहण्यात एक करारनामा आला. त्यात फक्त कंपनीने मंजूर केलेल्या छापखान्याची पत्रके आणि मोबाइलवरच्या जाहिराती मोजल्या जात होत्या. त्या तरुणाने गावच्या कुस्त्यांच्या मैदानाला चांगली रक्कम दिली, दोन दिवस दुकान भरून वाहिले, आणि महिनाअखेरीला कंपनीचे पत्र आले की तुमचा स्थानिक खर्च शून्य आहे, तेवढी रक्कम आमच्याकडे भरा. नियमाप्रमाणे कंपनी बरोबर होती, कारण सही त्याचीच होती. पण पीक कुठे येते हे वावरातल्या माणसाला विचारायचे नाही आणि खताची मात्रा मुंबईहून ठरवायची, असला हा कारभार झाला.

सहीआधी हे विचारा

माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांना मी हे प्रश्न वहीत लिहून देतो. तुम्हीही कात्रण ठेवा.

१. जाहिरातीची टक्केवारी कशावर लागते? विक्री जी.एस.टी. धरून की वगळून? सवलत देऊन विकलेला माल मूळ किमतीने धरणार की मिळालेल्या किमतीने? मोबाइलवरून आलेल्या ऑर्डरमधली कंपन्यांची दलाली वजा होणार की नाही?

२. दरमहा किमान रक्कम आहे का? कंपनी पुढे टक्का वाढवू शकते का, आणि वाढवला तर कुठवर?

३. निधीचे बँक खाते वेगळे आहे का? ऑडिट कोण करतो? वार्षिक हिशेब कोणत्या तारखेपर्यंत लेखी मिळेल?

४. निधीतून कंपनीच्या माणसांचे पगार, स्वतःच्या जाहिरात संस्थेची दलाली, नवी फ्रँचायझी विकण्याच्या जाहिराती यांचा खर्च होणार का?

५. कंपनीची स्वतःची दुकाने याच दराने भरतात का?

६. आमच्या जिल्ह्यात, मराठीतून, वर्षाला किती जाहिरात होईल?

७. स्थानिक खर्चात काय काय धरणार? नमुना मंजुरीला पाठवला आणि पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर तो मंजूर समजायचा का?

८. सवलतीच्या योजनेत सामील होणे सक्तीचे आहे का? तोट्यातला वाटा कंपनी उचलणार का?

९. दुकान बंद पडले तर राहिलेल्या मुदतीची जाहिरात वर्गणी मागणार का? आणि वाद कोणत्या गावी चालणार?

उत्तरे तोंडी घेऊ नका. कंपनीचा प्रतिनिधी गोड बोलतो, त्याचे कामच ते आहे. "काळजी करू नका काका, हे कलम नुसतं लिहायला असतं" असे तो म्हणाला तर त्याला म्हणा, मग खोडून सही कर. करारनामा घरी आणा, इंग्रजी असेल तर वकिलाकडून मराठीत समजून घ्या. हल्ली साधा करारही किमान ५०० रुपयांच्या स्टँपवर होतो. तेवढा खर्च करतो तिथे वकिलाची फीही जड जाऊ नये. आणि त्याच नावाच्या, दोन वर्षांहून जुन्या निदान तीन दुकानांत जाऊन बसा. गिऱ्हाईक मोजा, मालकाशी बोला, जाहिरात निधीचा हिशेब कधी हातात पडला का ते विचारा. पंढरपूरचे दुकान वारीत भरलेले दिसेल, त्यावर जाऊ नका. आडदिवशी जाऊन बघा.

काही जण म्हणतील, "साहेब, कंपनी एक अक्षर बदलत नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर रांग लागलीय." खरे आहे. एकट्याने मागितले तर बहुधा बदलत नाही. पण दोन गोष्टी तरी तुमच्या हातात राहतात. एक म्हणजे, बदलत नसेल तर निदान कळते, आणि कळले की आकडा मांडता येतो; ८,९०० रुपयांसाठी बापाची जमीन गहाण टाकायची का, हे पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. दुसरी म्हणजे, सही झालेले दुकानदार एकत्र येऊ शकतात. जिल्ह्यातल्या एकाच नावाच्या आठ-दहा दुकानदारांनी मिळून पत्र दिले की हिशेब द्या, तर ते पत्र कचऱ्याच्या टोपलीत टाकणे कंपनीला सोपे जात नाही. दुधाच्या फॅटसाठी आपण एकत्र आलो, उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलो. दुकानाच्या काउंटरमागे बसले की माणूस एकटा पडतो, एवढेच.

आणि एक वेगळी वाटही डोक्यात असू द्या. जाहिरातीला महिन्याला तेरा-चौदा हजार घालायची तयारी असेल, तर ते दुसऱ्याच्याच नावावर घालायचे असे कुठे लिहिलेय? बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी एकाच नावाखाली माल विकावा म्हणून २०२० मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ब्रँड आणि विक्रीच्या खर्चाला ५० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली होती. चार गटांनी मिळून गुळाचे, हळदीचे, चटणीचे एक नाव उभे करायला वेळ लागतो, मान्य. पण त्या नावावर घातलेला पैसा करार संपला म्हणून पाटीबरोबर काढून नेता येत नाही. फ्रँचायझीत दहा वर्षे जाहिरात भरा. मुदत संपल्यावर नाव त्यांचे, रिकामा गाळा तुमचा.

फ्रँचायझी घेऊच नका, असा याचा अर्थ नाही. काहींची दुकाने चांगली चालली आहेत, चार पोरांना काम मिळाले आहे, याचा आनंदच आहे. ज्यांनी आधी विचारले आणि मग सही केली, त्यातले बरेच आज निवांत झोपतात. माझे मागणे एवढेच की, कारखान्याच्या सभेत टनामागे पाच रुपयांसाठी आपण जेवढ्या मोठ्याने बोलतो, त्याच्या निम्म्या आवाजात का होईना, कंपनीच्या गुळगुळीत ऑफिसात एक प्रश्न विचारा: साहेब, ही कपात कुणाच्या खात्यात जाते, आणि तिचा हिशेब मला कधी दाखवणार?

उत्तर कागदावर मिळाले तर सही करा. नाही मिळाले तर पेन खिशात ठेवा, चहा प्या आणि गावाकडची एस.टी. धरा. पैसा तुमच्या खिशात राहिला तर दुकान पुढच्या वर्षीही काढता येईल.